मृगाआधी जागे होणारे रानकंद



निफाड तालुक्यातल्या एका ताईंचे पत्र आले आहे. मुलगा मित्रांबरोबर काश्मीरला गेला होता, येताना त्याने ट्युलिपचे सहा कांदे आणले. ताई विचारतात, "हे आपल्याकडे लागतील का? लागत असतील तर द्राक्षबागेच्या कडेने लावू का?" प्रश्न विचारल्याबद्दल त्यांचे आभार. त्या निमित्ताने या आठवड्यात फवारणी आणि खतांच्या मात्रा बाजूला ठेवतो आणि आपल्याच माळावरच्या काही कांद्यांविषयी लिहितो. रोहिणी नक्षत्र चालू आहे, मृग दाराशी आला आहे. हे कांदे पाहायचे तर याच पंधरा-वीस दिवसांत.

आधी ट्युलिपचा निकाल लावू. १९८१ सालचा 'सिलसिला' ज्यांनी पाहिला असेल त्यांना हॉलंडमधले ते लाल-पिवळ्या फुलांचे पट्टे आठवतील. २००७ सालापासून श्रीनगरला दल सरोवराजवळ, झबरवान डोंगराच्या पायथ्याशी ट्युलिपची मोठी सरकारी बाग झाली आहे. आता आपल्याकडचे पर्यटक मार्च-एप्रिलमध्ये मुद्दाम ती पाहायला जातात. ही बागेतली मोठी फुले माणसाने निवडून, संकर करून तयार केलेली आहेत. त्यांचे मूळ पूर्वज लहानखुरे, रानटी. मध्य आशियातल्या डोंगरउतारांवर बर्फ वितळले की ते उगवतात, उन्हाळा तापायच्या आत फुलून बी धरतात आणि पुन्हा जमिनीत झोपी जातात. काश्मीरपासून कुमाऊंपर्यंतच्या आपल्या हिमालयातही रानटी ट्युलिप आहे.

या कांद्याची एक अट आहे. त्याला आधी तीन महिने कडक थंडी लागते. ती मिळाली नाही तर पाने येतील, फूल येणार नाही. निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा खाली जातो हे खरे, कधी कधी द्राक्षाच्या पानांवर दवही गोठते. पण ती थंडी चार-आठ रात्रींची, आणि दुपारी पुन्हा ऊन. ट्युलिपला ती पुरत नाही.

कांदा उत्पादकांना ही गोष्ट समजायला अजिबात अवघड नाही. रांगड्या कांद्याला डेंगळे का येतात? रोप जाड झालेले असते, त्यात थंडीचा कडाका पडतो, आणि कांद्याला वाटते की आता फुलावे. तुम्ही त्या डेंगळ्याला शिव्या देता, कारण कांदा पोकळ होतो आणि बाजारात भाव पडतो. ट्युलिपवाला मात्र त्या डेंगळ्याचीच वाट पाहत असतो. दोन्हीकडे काम थंडीचेच. द्राक्षाचे पाहा. ऑक्टोबर छाटणीनंतर काडीच्या डोळ्यांना आपण हायड्रोजन सायनामाईड लावतो, कारण आपल्या हवेत वेलीला हवी तेवढी थंडीची झोप मिळत नाही आणि डोळे एकसारखे फुटत नाहीत. झोप आणि जाग यांचे हे गणित प्रत्येक झाडाचे वेगळे असते.

तेव्हा ताई, ते सहा कांदे कागदाच्या पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सप्टेंबरपासून बारा ते चौदा आठवडे ठेवा. त्या कप्प्यात सफरचंद, केळी ठेवू नका. पिकणाऱ्या फळातून जो वायू सुटतो त्याने आतला फुलाचा कोंब जळतो. डिसेंबरात कुंडीत लावा, सावलीत ठेवा. एकदा फूल येईल, घरची मंडळी खूश होतील. दुसऱ्या वर्षी त्या कांद्याकडून काही अपेक्षा करू नका. बागेच्या कडेने लावायचा विचार तर सोडूनच द्या.

पण त्याच बागेच्या कडेला, बांधावर आणि गावच्या माळावर दुसरे कांदे आधीपासून आहेत. त्यांना थंडीची गरज नाही. त्यांना हवा असतो कोरडा, तापलेला उन्हाळा आणि मग पहिला पाऊस. आपण त्यांच्यावरून नांगर नेतो, गुरे नेतो, आणि अलीकडे जेसीबीही नेतो. त्यांची नीट ओळख करून घ्यावी, कारण त्यातले काही भाजीचे आहेत, काही जीव घेणारे आहेत, आणि बहुतेक सगळे कमी होत चालले आहेत.

पहिला मान रानकांद्याचा. काही भागात याला कोळकांदा म्हणतात. एप्रिल-मे महिन्यात, जेव्हा माळावर हिरवे काही म्हणून नसते, तेव्हा मुरमाड जमिनीतून एकच बारीक दांडा सरळ वर येतो. पान नाही, फांदी नाही. हात-दीड हात उंच झाला की त्याला मळकट पांढऱ्या, थोड्या हिरवट-तपकिरी रंगाची, खाली माना घातलेली फुले लागतात. लांबून पाहिले तर कोणी काडी रोवून ठेवली आहे असे वाटते. म्हणूनच ती कोणाच्या लक्षात येत नाहीत. पाऊस पडल्यावर मग पट्ट्यासारखी पाने येतात, आणि तोवर फुलांचा कारभार आटोपलेला असतो. बी काळे, चपटे, कागदासारखे हलके. वाऱ्याने उडावे म्हणून तशी योजना.

इतक्या रखरखाटात त्याला फूल कसे परवडते? एक साधा कांदा उभा चिरून पाहा. तळाशी एक चपटी थाळी असते, तेच त्याचे खोड. वरचे पापुद्रे ही पाने आहेत, अन्न साठवून जाड झालेली. मागच्या पावसाळ्यात चार महिने रानकांद्याच्या पानांनी जे कमावले ते सगळे या पापुद्र्यांत ठेव म्हणून ठेवलेले असते. मे महिन्यात तो त्या ठेवीवर फुलतो. शिवाय घाई करण्यात त्याचा फायदा आहे. मृगानंतर महिनाभरात गवत गुडघ्याला लागते. मग या बुटक्या कांद्याला ऊन कोण देणार, आणि त्याचे फूल माशीला दिसणार कसे? हिमालयातला ट्युलिप झुडपे पालवायच्या आत फुलतो, आपला रानकांदा गवत वाढायच्या आत फुलतो. युक्ती एकच.

रानकांदा दिसतो कांद्याचा सख्खा भाऊ, पण त्याला कांद्याचा वास नाही. तीच त्याची पहिली खूण. तो विषारी आहे. त्याच्या रसाने हाताला खाज सुटते आणि पोटात गेला तर उलट्या होऊन हृदयावर परिणाम होतो. भूमध्य समुद्राकाठी याच्याच एका भावंडापासून उंदीर मारायचे औषध करीत असत. वैद्य मंडळी याचा औषधात उपयोग करतात हे खरे आहे, परंतु औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत इथे फारच थोडे अंतर आहे. खोकल्यावर घरगुती उपाय म्हणून कोणी याचा रस देऊ लागले तर घेऊ नका.

हे सांगण्याचे आणखी एक कारण आहे. पहिल्या पावसानंतर आठ-दहा दिवसांत आपल्याकडे कुळूची भाजी निघते. कोणी तिला कुळी म्हणतात, कोणी फोडशी. त्र्यंबक, पेठ, सुरगाणा, हरसूल इकडच्या बायाबापड्या तिच्या जुड्या नाशिकच्या बाजारात आणतात. गवतासारखी लांब पाने, खाली पांढरा देठ. त्या देठात माती अडकते म्हणून दोन-तीन पाण्यांत धुवायची, बारीक चिरायची आणि मुगाची डाळ घालून किंवा बेसन पेरून करायची. वर्षाची पहिली रानभाजी म्हणून घरात कौतुकाने खाल्ली जाते. आता अडचण अशी की त्याच दिवसांत, त्याच माळावर रानकांद्याची कोवळी पानेही वर येत असतात. जाणत्या बाईची गल्लत होत नाही. पण सुट्टीला आलेली शहरातली पोरे हौसेने टोपली घेऊन निघतात, तेव्हा होऊ शकते. शंका आली तर एक रोप खालपर्यंत उकरून पाहा. मुळ्यांचा झुपका दिसला तर कुळू. खाली कांदा दिसला तर ते रोप पुन्हा मातीत दाबा आणि हात धुवा. चव घेऊन परीक्षा करू नका. आणि ज्या वर्षी बरोबर जाणते माणूस नसेल त्या वर्षी भाजी बाजारातून विकत आणा, त्यात कमीपणा नाही.

भाजीचा आणखी एक रानकंद म्हणजे शेवळ. सुरणाच्याच कुळातले. पाऊस यायच्या सुमारास झाडाखालच्या पालापाचोळ्यातून तपकिरी-जांभळट रंगाचे एक टोकदार कोंबासारखे फूल वर येते. पान नंतर, छत्रीसारखे. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर आणि खाली जव्हार-मोखाड्याच्या बाजूला या फुलाची भाजी करतात. तिच्यात काकडाची आंबट फळे घालायलाच हवीत, कारण शेवळात सुईसारखे बारीक खडे असतात आणि ते घशाला टोचतात. आतला पिवळा भागही काढून टाकतात. जुन्या बायकांनी हे कोणत्या प्रयोगशाळेत शोधले कोण जाणे, पण शोधले खरे. मात्र शेवळ खुडले म्हणजे त्या झाडाचे त्या वर्षीचे बी गेले. एका ठिकाणची सगळी शेवळे खुडू नयेत. चारांतली एक-दोन ठेवावीत, म्हणजे पुढेही टोपली भरत राहील.

आता कळलावी. हिला खड्यानाग, अग्निशिखा अशीही नावे आहेत. मृगाच्या पावसावर बांधावरच्या झुडपातून हिचा वेल वर चढतो. चढण्याची रीत पाहण्यासारखी आहे. वेगळे तणावे नाहीत, पानाचेच टोक लांबून गुंडाळी करते आणि काटकीला धरते. जुलै अखेरपासून फुले. पाकळ्या कडेने लाटांसारख्या मुरडलेल्या आणि मागे वळलेल्या, आधी हिरव्या, मग पिवळ्या, मग लालभडक. चूल पेटल्यासारखी दिसते. ट्युलिपचे फूल हिच्यापुढे मला तरी फिके वाटते. वनस्पतिशास्त्रात हिला आणि ट्युलिपला पूर्वी एकाच कुळात धरीत, आता कुळे वेगळी केली आहेत, पण नाते दूरचे आहेच.

हिचा कंद इंग्रजी व्ही अक्षरासारखा, दोन हातांचा. संस्कृतात हिला लांगली म्हणतात. लांगल म्हणजे नांगर. ज्याने हे नाव ठेवले त्याने कंद उकरून पाहिला होता आणि नांगरही हातात धरला होता, एवढे नक्की.

ही कळलावी अतिशय विषारी आहे. कंद, बी, पाने, सगळेच. हिच्यात कोल्चिसिन नावाचे द्रव्य असते. श्रीलंकेत रताळे किंवा तसलाच खाण्याचा कंद समजून हिचा कंद उकडून खाल्ल्याने माणसे दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय ग्रंथांत आहेत. उकडल्याने विष जात नाही. खाल्ल्यावर लगेच काही होत नाही, काही तास बरे जातात आणि मग उलट्या, जुलाब, पोटात आग सुरू होते. घरच्यांना वाटते की बाधले असेल, उतरेल. इथेच वेळ जातो. असा संशय जरी आला तरी मीठपाणी, लिंबू, उतारा यांत न गुंतता माणसाला सरळ मोठ्या दवाखान्यात न्यावे, आणि खाल्लेल्या कंदाचा तुकडा किंवा वेल बरोबर न्यावा म्हणजे डॉक्टरांना उपचार ठरवता येतात.

दुसरी गोष्ट भगिनींसाठी. बाळंतपणात कळा याव्यात म्हणून हिचा कंद वापरायची समजूत जुनी आहे, नावच त्यावरून पडले असे सांगतात. पोटात देणे तर दूरच, अंगाला लेपही लावू देऊ नका. हाच कंद गर्भ पाडायला वापरतात असेही कानावर येते. त्यात गर्भाबरोबर बाईही जाते. घरात थोरल्या असलेल्या सासूबाईंनी आणि जाऊबाईंनी हे ध्यानात घ्यावे.

आणि हेच कोल्चिसिन ठरावीक मात्रेत संधिवाताच्या एका प्रकारावर डॉक्टर देतात. पीक पैदासकार ते वापरून रोपाच्या पेशीतील गुणसूत्रे दुप्पट करतात. बिनबियांचे कलिंगड याच वाटेने आले. तामिळनाडूत तर कळलावी हे राज्याचे फूल आहे आणि तिथले शेतकरी बियांसाठी हिची मांडवावर शेती करतात, फुलांचे परागीभवनही हाताने करतात. फुलातली स्त्रीकेसराची दांडी काटकोनात बाजूला वळलेली असते, त्यामुळे आपोआप बी कमी धरते.

हे वाचून कोणी लगेच एकरी उत्पन्नाचा हिशोब मांडायला बसू नये. सफेद मुसळीचा धडा आपल्यापुढे आहे. मुसळी म्हणजे कुळूचीच बहीण, बोरिवलीच्या जंगलात सापडली म्हणून तिचे शास्त्रीय नावही बोरिवलीवरून ठेवले आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस आणि त्यानंतरची काही वर्षे तिच्या लागवडीची मोठी लाट आली. बियाण्याच्या मुळ्या सोन्याच्या भावाने विकल्या गेल्या. ज्यांनी बियाणे विकले त्यांचे भले झाले. ज्यांनी माल पिकवला ते गिऱ्हाईक शोधत फिरले. त्याच वेळी डोंगरातली रानमुसळीही उकरून उकरून विरळ झाली. औषधी वनस्पतींच्या शेतीला माझा विरोध नाही, पण आधी खरेदीदार लेखी नक्की करावा, मग कुदळ उचलावी.

रानहळदीचे थोडक्यात सांगतो. पाऊस सुरू झाला की डोंगरउतारावर जमिनीलगत गुलाबी-जांभळ्या तुऱ्याचे कणीस दिसते, ती रानहळद. गंमत अशी की सुरुवातीची कणसे पाने येण्याआधी बाजूने, थेट जमिनीतून येतात, आणि नंतरची पानांच्या मधून. एकाच गड्ड्याच्या या दोन तऱ्हा मुलांना जरूर दाखवा. थायलंडात हळदीच्या अशाच एका रानटी बहिणीची लागवड करून तिची फुले परदेशी पाठवतात आणि बाजारात तिला 'सयामी ट्युलिप' म्हणतात. आपण आपल्या रानहळदीकडे ढुंकून पाहत नाही, हा भाग वेगळा.

अंजनेरीचे नाव घेतल्याशिवाय नाशिककराला हा विषय सोडता येत नाही. त्या डोंगरावर खरपुडीच्या जातीची, कंदिलासारख्या फुलाची एक कंदवर्गीय वनस्पती सापडली आणि शास्त्रज्ञांनी तिचे नावच अंजनेरीवरून ठेवले, सेरोपेजिया अंजनेरिका. जगात अगदी मोजक्या ठिकाणी ती आहे. २०१७ साली अंजनेरीला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. खरपुडीचे कंद गोडसर लागतात म्हणून गुराखी पोरे ते उकरून खातात. पोटाला बाधत नाहीत, परंतु कंद खाल्ला की झाड संपले. दर्शनाला किंवा फिरायला गेलात तर फूल पाहा, फोटो काढा आणि पुढे चला. उकरून घरी आणलेली खरपुडी जगेल अशी आशा ठेवू नका.

आता घरी लावायचे म्हणाल तर माझे पहिले सांगणे, रानातून उकरून आणू नका. आपल्याच शेतात नांगराने वर आलेला, रस्तारुंदीत किंवा सपाटीकरणात जाणार असलेला कंद मात्र जरूर उचला. तो नाही तरी मरणारच आहे. बाकी बियांपासून लावा.

तळाला भोक असलेली कुंडी किंवा फुटका माठ घ्या. निम्मा मुरूम, बाकी पोयटा आणि थोडी वाळू. खत म्हणून जुने, कुजलेले लेंडीखत मूठभर पुरे. या मंडळींना श्रीमंती मानवत नाही. रानकांदा लावताना मान जमिनीच्या वर राहू द्या. त्याचे बी पिकून तडकले की लगेच त्याच पावसात मातीवर पसरून वर वाळूचा पातळ थर द्या. कळलावीचा कंद आडवा ठेवायचा. तिच्या कंदाच्या हाताच्या टोकाला एकच डोळा असतो आणि तो फार ठिसूळ. तो मोडला की तो हात वाया गेला. लावताना हातमोजे घाला आणि ज्या घरात रांगती-खेळती मुले आहेत त्या घरात कळलावी लावूच नका. अंगणात गुलाब, शेवंती काय कमी आहेत? रानहळदीला मात्र कसली भीती नाही. गड्ड्याचा एक तुकडा आंब्याच्या विरळ सावलीत पुरला की काम झाले.

खरी चूक पुढे होते. दिवाळीनंतर पाने पिवळी पडतात. आपल्याला वाटते की झाडाला पाणी कमी पडले, आणि आपण दया येऊन पाणी घालतो. कांदा आत कुजतो. पाने वाळू लागली की पाणी बंद करा, कुंडी पडवीत कोरड्यात सारा आणि मेअखेरपर्यंत तिला हात लावू नका. जो कांदा उत्पादक आपली चाळ कोरडी ठेवायला इतका जपतो त्याला हे वेगळे शिकवायला नको. बांधावरच्या कंदांचेही तेच. ठिबकची गळकी नळी उन्हाळाभर बांधावर थेंब टाकत राहिली तर तिथला रानकांदा दोन वर्षांत नाहीसा होतो.

बांधाविषयी थोडे स्पष्ट बोलतो. माळावर वणवा गेला तरी हे कंद जमिनीखाली वाचतात, फक्त मेमधला फुलाचा दांडा जळतो आणि त्या वर्षीचे बी जाते. गुरे तर यांतल्या विषारी जातींना तोंड लावत नाहीत. दुष्काळ आला तरी ते झोपून काढतात. पण ग्लायफोसेटसारखे तणनाशक हिरव्या पानावर पडले की ते पानातून उतरून थेट कांद्यात जाते. आणि मुरमाचा माळ फोडून, सपाट करून वर काळी माती टाकली की तिथली शंभर वर्षांची वस्ती एका दिवसात उठते. मी द्राक्षाच्या विरोधात नाही, त्या पिकाने या जिल्ह्याला उभे केले आहे. पण प्रत्येक शेतात एक कोपरा असा असतोच, जिथे नांगर वळत नाही, खडक वर आलेला असतो किंवा म्हसोबाचा दगड असतो. तेवढा कोपरा तणनाशकाशिवाय राहू द्या. तिथले गवत कापायचे असेल तर दसऱ्यानंतर कापा, म्हणजे कळलावी आणि रानहळद बी धरून मोकळ्या झालेल्या असतील.

शाळा सुरू होईपर्यंत मुलांच्या हाताला एक काम देता येईल. जुनी वही घ्या. सरळ बाजूंचा एक डबा उघड्यावर, जमिनीपासून हातभर उंच बांधा आणि रोज सकाळी आठला त्यातले पाणी पट्टीने मोजून मिलिमीटरमध्ये लिहा. त्याच पानावर लिहा की रानकांद्याचा दांडा पहिल्यांदा कोणत्या तारखेला दिसला, फुले दिवसाच्या कोणत्या वेळी उमलली आणि कधी मिटली, त्यांच्यावर मधमाशी आली की पतंग, पहिले पान किती मिलिमीटर पावसानंतर आले. कळलावीवर फुलपाखरू बसले तर त्याच्या पंखांना पराग लागतो का ते पाहा. फुलाला हात न लावता, एवढी अट. रानकांदा फुलला म्हणजे पाऊस अमुक दिवसांत येतो, असे सांगणारे काही जण भेटतात. मी त्याला ना हो म्हणतो ना नाही. पाच वर्षे तारखा लिहिल्या की तुमची वहीच सांगेल. पेरणीचा निर्णय मात्र त्यावर घेऊ नका, तो जमिनीत पुरेशी ओल गेल्यावरच घ्यायचा, हे दरवर्षी सांगतो आणि यंदाही सांगतो.

ज्यांना कळलावीचे बी जमवायचे असेल त्यांनी कार्तिकात शेंगांवर लक्ष ठेवावे. शेंग तडकून आतले लाल-केशरी दाणे दिसू लागले की घ्यावे, सावलीत वाळवावे, कागदाच्या पुडीत बांधून वर नाव आणि 'विषारी' असे ठळक लिहावे. पुडी मुलांच्या हाताबाहेर, पण देव्हाऱ्यात किंवा मसाल्याच्या डब्याजवळ नव्हे. उगवण हळू आणि मागेपुढे होते, धीर सोडू नये. बियापासून फूल दिसायला तीन-चार वर्षे लागतात.

पुढच्या अंकात सोयाबीनच्या घरच्या बियाण्याची उगवणशक्ती गोणपाटावर कशी तपासायची ते पाहू. त्यासाठी शंभर दाणे आणि एक स्वच्छ गोणपाट आताच बाजूला काढून ठेवा.